झारेकऱ्याचे गणित

माझी आजी नागपुरात इतवारीजवळ वाढली. सराफ्यातली दुकाने उघडायच्या आत गटाराच्या कडेने बसलेले झारेकरी तिने लहानपणी रोज पाहिले होते. सोनाराच्या दुकानापुढची धूळ, गटारातला गाळ आणि शेगडीतली राख हे सारे ते झाडून, प्रसंगी विकत घेऊन आणत आणि काथवटीत पाणी घालून घोळवीत. हलके ते पाण्याबरोबर वाहून जाई, जड ते तळाशी बसे, आणि त्या तळाशी पारा फिरवून ते सोन्याचे कण गोळा करीत. आजीला कौतुक होते ते सोन्यापेक्षा त्यांच्या मनगटाच्या हिसक्याचे. "आणि उरलेला गाळ?" असे मी विचारले की ती म्हणे, "तो नाल्यात. त्याचं कोण काय करतं?"

ह्या प्रश्नोत्तराची आठवण होण्याचे कारण कोळशाची राख. माझे स्वतःचे बालपण विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत गेले. तिथे राखेला सगळे राखड म्हणत. दोरीवरचे कपडे आधी झटकायचे आणि मगच घडी घालायची, हा आमच्या घरचा नियम होता. उन्हाळ्यात वारा राखेच्या बंधाऱ्याच्या बाजूने वाहू लागला की आई तो नियम दिवसातून दोनदा पाळायला लावी. बाबा केंद्रात ईएसपीवर होते. धुरातल्या कणांना उच्च दाबाच्या विजेने भार द्यायचा, ते समोरच्या पत्र्यांवर ओढून घ्यायचे, आणि ठरावीक वेळाने पत्र्यांवर हातोड्या पाडून राख खालच्या हॉपरमध्ये, म्हणजे नरसाळ्यासारख्या कोठीत, उतरवायची, असे ते अजस्र यंत्र. धूर एकामागून एक अशा अनेक कक्षांतून जातो. जाड राखेचा मोठा भाग पहिल्याच कक्षात पडतो आणि शेवटच्या हॉपरपर्यंत पोहोचते ती अगदी पिठीसारखी, बोटांच्या रेषांत शिरून बसणारी राख. बाबांनी निवृत्त होताना दोन बाटल्यांत दोन्ही टोकांची राख भरून आणली होती. त्या बाटल्या त्यांच्या टेबलावर अजून आहेत, आणि डोळे मिटून, केवळ चिमटीत धरून कुठली कोणत्या हॉपरची हे ते आजही सांगतात.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी त्यांनी मला बोलावून घेतले. त्यांनी कुठेतरी वाचले होते की कोळशाच्या राखेत मोलाचे धातू असतात आणि आता ते काढायचे घाटते आहे. "तू कॉलेजात रसायन शिकवतेस," ते म्हणाले, "मग मला एवढंच सांग, चाळीस वर्षं मी जे झटकत होतो त्यात खरंच काही होतं का?"

होते. आणि हे कळूनही बराच काळ लोटला आहे. जर्मेनियम हे मूलद्रव्य क्लेमेन्स विंक्लर ह्यांना १८८६ मध्ये फ्रायबर्ग इथे चांदीच्या एका खनिजात सापडले, पण पुढे कित्येक वर्षे ते प्रयोगशाळेतल्या कुपीत ठेवायची एक चीज राहिले. मग १९३० मध्ये ग्योटिंगेनला व्हिक्टर गोल्डश्मिट ह्यांनी दाखवून दिले की काही दगडी कोळशांच्या राखेत ते चकित करण्याइतके साठलेले असते. त्यांनी पुढे तशीच इतर विरळ मूलद्रव्येही राखेत मोजली. कारण सांगितल्यावर साधे वाटते. कोळसा मुळात दलदलीत कुजलेले अरण्य आहे. त्या कुजक्या द्रव्यातून लाखो वर्षे पाणी झिरपत राहिले आणि पाण्यातले काही धातू सेंद्रिय रेणूंनी धरून ठेवले. आपण तो कोळसा जाळतो तेव्हा कार्बन उडून जातो आणि धरलेले ते मागे उरते. झारेकरी पाण्याने जे काम करीत असे, ते इथे आगीने केलेले असते.

ट्रान्झिस्टरचा जन्म १९४७ मध्ये झाला आणि सुरुवातीचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते. तेव्हा इंग्लंडमध्ये कोळशापासून गॅस करणाऱ्या कारखान्यांच्या धुराड्यांतली धूळ गोळा करून तीतून हा धातू काढला जाऊ लागला. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात बेलफील्ड आणि बोमन ह्या गावांजवळ तर व्यवहार पुरता उलटा झाला. तिथल्या लिग्नाइटमध्ये, म्हणजे तपकिरी कच्च्या कोळशात, युरेनियम होते, म्हणून लिग्नाइट भट्ट्यांत जाळायचा तो उष्णतेसाठी नव्हे, राखेसाठी. उष्णता वाया जाई आणि राख मालगाडीने युरेनियमच्या कारखान्याकडे रवाना होई. आजही चीनच्या युन्नान प्रांतात लिनचांग इथे, आणि आंतर मंगोलियातल्या वुलानतुगाच्या खाणीत, कोळसा हेच जर्मेनियमचे धातुक मानले जाते. चीनने १ ऑगस्ट २०२३ पासून गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले तेव्हा जगाला ज्या जर्मेनियमची चणचण जाणवली, त्याचा मोठा वाटा कोळशाच्या राखेतून येत होता, हे फार थोड्या बातम्यांत आले.

हे सांगून झाल्यावर बाबांनी शेवटच्या हॉपरची बाटली उचलली आणि विचारले, "मग ते ह्यात जास्त असेल की ह्या दुसऱ्या बाटलीत?" मला ह्या प्रश्नाचा मनापासून आनंद झाला, कारण तो पुस्तकातून आलेला नव्हता. जर्मेनियम, गॅलियम, आणि त्यांच्या संगतीने आर्सेनिक व सेलेनियम, हे सारे बॉयलरच्या उष्णतेत निदान अंशतः वाफ होतात आणि धूर निवत जातो तसे कणांच्या पृष्ठभागावर परत बसतात. कण जितका बारीक तितके त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठफळ मोठे. म्हणून ह्या धातूंचे प्रमाण शेवटच्या हॉपरात चढते. केंद्रात मात्र सगळ्या हॉपरांची राख एकाच वाहिनीत मिसळते, पाण्यात कालवून स्लरी होते आणि बंधाऱ्यावर जाते, किंवा बल्करमध्ये, म्हणजे बंद टाकीच्या मालमोटारीत, भरून सिमेंटच्या कारखान्याकडे. यंत्राने स्वतःहून केलेली निवड माणूस पुन्हा कालवून टाकतो. बाबा त्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत.

सध्या ज्यांचा गाजावाजा आहे ते दुर्मीळ मृदाधातू मात्र असे उडणारे नाहीत. (सतरा मूलद्रव्यांचे हे कुटुंब, आणि त्याचे नावच फसवे आहे: ते मृदा नाहीत, आणि सीरियम तर भूकवचात जवळपास तांब्याइतके आहे.) जगभरच्या कोळशांच्या राखेत ते सरासरीने टनाला चारशे ग्रॅमच्या आसपास असतात. पाचशे मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला सात-आठ हजार टन कोळसा जळतो आणि आपल्या कोळशाची सुमारे तीन हजार टन राख होते. म्हणजे एका संचामागे रोज बाराशे किलो दुर्मीळ मृदाधातू! असे गणित कुणीही पाकिटाच्या पाठीवर करू शकतो आणि बरेच लोक करतात. टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या साठलेल्या राखेचा असाच हिशेब मांडला आणि तीत एक कोटी दहा लाख टन दुर्मीळ मृदाधातू असल्याचा, म्हणजे त्या देशाच्या ज्ञात साठ्याच्या आठपट असल्याचा, अंदाज दिला. आकडा खोटा नाही. तो फक्त काथवटीत हात घालण्यापूर्वीचा आकडा आहे.

त्या चारशे ग्रॅमांत निम्म्याच्या आसपास सीरियम आणि लँथेनम असतात, ज्यांचा बाजारात तुटवडा नाही. पवनचक्क्यांच्या आणि विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या चुंबकांना लागते ते निओडिमियम साठ-एक ग्रॅम, आणि ते चुंबक तापल्यावरही टिकावे म्हणून घालायचे डिस्प्रोसियम दहा ग्रॅमच्या आतबाहेर. ह्या दहा ग्रॅमांच्या भोवती, त्याच एका टनात, अडीचशे किलो ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, आहे, त्याच्या दुप्पट सिलिका आहे, आणि पन्नास-साठ किलो लोखंडाचे ऑक्साइड. आम्ल ओतले की पहिल्यांदा धावून येतात ते हे मोठे लोक.

त्याहून अवघड गाठ काचेची आहे. बॉयलरच्या ज्वालेत कोळशातली चिकणमाती वितळते, तिचे थेंब होतात आणि क्षणात निवून काचेचे गोळे बनतात. सूक्ष्मदर्शकाखाली राख पाहिली तर ती मोत्यांची पसरलेली रास वाटते. काही गोळे तर आतून पोकळ असतात, बंधाऱ्याच्या पाण्यावर साय धरल्यासारखे तरंगतात आणि आसपासच्या गावांतली माणसे ते गोळा करून विकतात. मृदाधातू ह्या काचेच्या पोटात असतात, किंवा मोनाझाइटसारख्या फॉस्फेटच्या कणांना काचेचे कवच बसलेले असते. दक्षिण चीनमध्ये ज्या मातीतून जड मृदाधातू काढतात तीतही त्यांचे प्रमाण टनाला अर्धा ते दोन किलो इतकेच असते, म्हणजे राखेच्या तुलनेत फार मोठे नव्हे. पण तिथे धातूचे आयन मातीच्या कणांना वरवर चिकटलेले असतात आणि अमोनियम सल्फेटच्या पाण्याने सुटून येतात. प्रश्न धातू किती आहे ह्याइतकाच तो कशाने धरून ठेवला आहे ह्याचा असतो. ड्यूक विद्यापीठात २०१६ मध्ये अमेरिकेतल्या राखा तपासल्या तेव्हा हेच दिसले: ॲपलेशियन पर्वतातल्या कोळशाच्या राखेत मृदाधातू सर्वांत जास्त होते, पण आम्लाने त्यांतले तीस टक्क्यांच्या आसपासच सुटले, वायोमिंगच्या पावडर नदीच्या खोऱ्यातली राख गरीब होती, पण तिच्या काचेत चुना असल्यामुळे ती विरघळायला तयार होती आणि सत्तर टक्के देऊन मोकळी झाली.

आपल्या कोळशाबाबत आणखी एक गोष्ट मला सांगावीशी वाटते, कारण ती उत्साहाच्या भरात निसटते. दहा टक्के राख देणारा कोळसा जाळला तर न उडणारा धातू दहापटीने दाट होतो. आपला गोंडवन कोळसा पस्तीस-चाळीस टक्के राख देतो, तेव्हा त्यातला धातू अडीच-तीन पटीनेच दाट होतो. सिंगरौलीच्या कोळशात दुर्मीळ मृदाधातू टनाला अडीचशे ग्रॅमपर्यंत असल्याचे सरकारने संसदेत सांगितले आहे, आणि ते नक्कीच आशादायक आहे. परंतु एरवी आपली राख म्हणजे बऱ्याच अंशी कोळशाबरोबर नदीने आणून टाकलेली माती, भाजून काच झालेली. आपल्या राखेचे वैशिष्ट्य तिचे प्रमाण आहे, दाटपणा नव्हे.

बाबांनी हे सगळे शांतपणे ऐकले. त्यांना रसायनात फारसा रस नाही. त्यांना टनांत विचार करायची सवय आहे. ते म्हणाले, "ठीक. तू तुझे चारशे ग्रॅम काढलेस. उरलेले नऊशे नव्व्याण्णव किलो सहाशे ग्रॅम कुठे टाकणार?"

मी आजीचा नाला आठवून हसले, पण उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. कोरडी राख सिमेंटमध्ये जाते, विटांत जाते, रस्त्याच्या भरावात जाते; १९९९ पासूनच्या अधिसूचनांनी आणि विशेषतः डिसेंबर २०२१च्या अधिसूचनेने केंद्रांना राखेचा पूर्ण वापर करणे बंधनकारक केले आहे, न वापरलेल्या राखेवर टनाला हजार रुपये दंडही ठेवला आहे. तीच राख आम्लात भिजवली की ती ओली, क्लोराइड धरलेली, काचेचा गुण गेलेली एक वेगळीच वस्तू होते, जी सिमेंटवाला सहजासहजी घेणार नाही. तिच्यासोबत खर्ची पडलेले आम्ल आणि त्यात उतरलेले आर्सेनिक हेही कुठेतरी ठेवावे लागेल. म्हणजे आज ज्या राखेला घर आहे तिला चारशे ग्रॅमांसाठी बेघर करायचे आणि पुन्हा बंधाऱ्यावर पाठवायचे. ज्यांच्या विहिरी बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला आहेत त्यांना ह्या व्यवहारात डिस्प्रोसियमचा भाव काय आहे ह्याच्याशी कर्तव्य नसते.

म्हणूनच ह्या विषयावरच्या साऱ्या वाचनात मला सर्वांत जास्त आवडलेला माणूस नव्या प्रयोगशाळांतला नाही. तो पोलंडचा येझी ग्झिमेक. युद्धानंतर बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचे नेहमीचे खनिज, नसलेल्या त्या देशात त्याने ओपोले शहराजवळ ग्रोशोविचे इथे राखेतून आणि मातीतून ॲल्युमिना काढायची पद्धत बसवली, आणि तिची रचना करतानाच उरलेल्या मालाचा विचार केला. राख आणि चुनखडी एकत्र करून सुमारे तेराशे अंशांवर भाजायची. निवताना त्या ढेकळातले कॅल्शियम सिलिकेट आपली स्फटिकरचना बदलते, फुगते, आणि ढेकूळ आपोआप भुगा होऊन पडते. दळण्याचा खर्चच नाही. चुना भाजल्यावर पाणी पडताच फुटतो हे आपण पाहिलेले असते, पण इथे पाण्यावाचून, नुसते थंड होताना, दगडाचे पीठ होते. त्या पिठातून सोड्याच्या पाण्याने ॲल्युमिना धुऊन घ्यायचा आणि उरलेला सगळा चोथा सरळ सिमेंटच्या भट्टीत. नाल्यात जायला काही शिल्लकच नाही. उणीव अशी की चुनखडी खूप लागते, इंधन खूप लागते, आणि ॲल्युमिन्याच्या कित्येक पट सिमेंट तयार होते, म्हणजे खरे तर तो सिमेंटचा कारखाना आहे ज्यातून थोडा ॲल्युमिनाही निघतो. स्वस्त बॉक्साइटपुढे ही पद्धत टिकणे कठीणच होते. तरीही हिशेबाची वही त्याने शेवटच्या पानापर्यंत लिहिली.

चीनने हाच धागा पुढे नेला तो आंतर मंगोलियातल्या जुंगारच्या कोळशासाठी. तिथल्या दलदलीच्या वरच्या बाजूला बॉक्साइटचा उंचवटा होता आणि त्यातले ॲल्युमिनियम वाहून कोळशात मुरले, त्यामुळे राखेत निम्म्याच्या जवळपास ॲल्युमिना आहे, आणि सोबत गॅलियम. तोग्तोहच्या वीज केंद्राला लागून दातांग कंपनीने वर्षाला दोन लाख टन ॲल्युमिन्याचा कारखाना उभारला. तिथली पद्धत अशी की आधी दाहक सोड्याने काचेतली सिलिका बाहेर काढायची, आणि त्या सिलिकेपासून केलेले कॅल्शियम सिलिकेट कागदात भरण म्हणून घालता येते. अशा कारखान्यात गॅलियम किंवा मृदाधातू हे ॲल्युमिन्याच्या द्रावणातून जाता जाता उचलायचे असतात. माझ्या मते आपल्याकडेही क्रम हाच असायला हवा. आधी ॲल्युमिना, सिलिका आणि लोखंड ह्यांचे गिऱ्हाईक शोधावे, आणि मग शेवटच्या ग्रॅमांकडे वळावे. सध्या चर्चा नेमकी उलटीकडून सुरू होते, कारण डिस्प्रोसियमची बातमी होते आणि सिलिकेची होत नाही.

चर्चा सुरू झाली आहे हे मात्र चांगले. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने अत्यावश्यक खनिजांसाठी सोळा हजार तीनशे कोटी रुपयांचे अभियान मंजूर केले. त्यात खाणींचा टाकाऊ माल, बॉक्साइटचा लाल चिखल आणि औष्णिक केंद्रांची राख ह्यांतून धातू काढण्याच्या पथदर्शी प्रकल्पांसाठी शंभर कोटी वेगळे ठेवले आहेत. त्यानंतर दोनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, चीनने डिस्प्रोसियम आणि टर्बियमसह सात मृदाधातूंच्या निर्यातीवर बंधने आणली आणि शंभर कोटींची ती ओळ अचानक सगळ्यांना दिसू लागली. नागपूरजवळ वाडीला ॲल्युमिनियमच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. त्याच्या पाटीवरून बाबा शहरात जाताना असंख्य वेळा गेले असतील. कोराडी आणि खापरखेड्याच्या धुराड्यांपासून ते केंद्र अगदी हाकेच्या नाही तरी बल्करच्या अंतरावर आहे, आणि ॲल्युमिना व राख ह्यांची गाठ घालायची तर ह्याहून सोयीचा भूगोल देशात फारसा सापडणार नाही. निदान शेवटच्या हॉपरची राख वेगळ्या वाहिनीने काढून ठेवावी, एवढी एक गोष्ट तरी आजच्या यंत्रांतही करता येईल, असे बाबांचे म्हणणे पडले. त्यांनी कागदावर वाहिनीचे रेखाटनही करून दाखवले, झडपा कुठे बसतील त्यासह. मला ते शंभर कोटींतल्या एखाद्या प्रस्तावाइतकेच गंभीर वाटले.

मागच्या दिवाळीला आम्ही सगळे भावाच्या नव्या घरी जमलो. घर राखेच्या विटांचे आहे. बाबा जेवण झाल्यावर गिलावा न केलेल्या मागच्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले आणि विटा मोजू लागले. मग कागद मागितला. विटेचे वजन तीन किलो, निम्मी राख, घराला सुमारे बारा हजार विटा. म्हणजे अठरा टन राख. चारशे ग्रॅमने सात किलोंवर दुर्मीळ मृदाधातू, त्यात किलोभर निओडिमियम, एका मोटारीच्या चुंबकांना पुरून उरेल इतके. भावाला गंमत वाटली आणि त्याने घराचा भाव वाढवायला हवा असे जाहीर केले. बाबा म्हणाले की सिमेंटमध्ये अडकलेले हे आता शंभर वर्षे कुणाला सुटे करता येणार नाही. आई परसात दिवसभर वाळलेले कपडे काढीत होती, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने, आसपास कुठेही धुराडे नसताना, एकेक कपडा झटकून मगच घडी घालत होती. तिने तिथूनच विचारले, "भिंतीतच आहे ना सगळं?"

"भिंतीतच."

"मग राहू द्या तिथेच," ती म्हणाली आणि पुढचा कपडा झटकला.